जिन्यातला रविवार

चर्चच्या हॉलमधला रविवारचा चहा ज्यांच्या हातचा असे, त्यांना सगळे किटलीआजी म्हणत. त्यांना चहा करायची आवड होती असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. खरी आवड किटलीपाशी उभं राहायची. कप घ्यायला माणूस हात पुढे करतो तेव्हा त्याचं तोंडही सैल सुटतं, हा त्यांचा जन्माचा अनुभव. गायनवृंदात कुणाचं कुणाशी बिनसलंय, फादरांचं प्रवचन आज का भरकटलं, सगळं त्यांना उभ्याउभ्या कळे. पण आजी चहाडखोर नव्हत्या. ऐकलेलं त्या एकाच ठिकाणी सांगत. घरी, सुनेला.

सून आजारी होती. घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे, फक्त 'डोस' म्हणत. एक डोस झाला की पुढच्याची वाट. तिला संसर्ग नको म्हणून नातीला मावशीकडे ठेवलं होतं. आजींचा मुलगा बस चालवायचा, त्याला रविवारची सुट्टी क्वचितच मिळे. सून पूर्वी चर्चच्या भानगडीत फारशी पडली नव्हती, पण अंथरूण धरल्यापासून आजींनी चपला काढायच्या आत तिचा प्रश्न येई, "ती आली होती?"

ती म्हणजे शेवटच्या बाकावरची बाई. अंगात करडा स्वेटर, कुणाच्या ओळखीची नाही. मिस्सेची प्रार्थना संपली की किटलीपाशी येऊन दोन कप घ्यायची, एक दारातच संपवायची आणि दुसरा सांभाळत बाहेर पडायची. तो दुसरा कप कुणाचा, यावर सासू-सुनेनं आठवडेच्या आठवडे घालवले. सुनेच्या मते नवरा देवावर रुसून बाहेर उभा असणार. आजींना आंधळी आई जास्त पटत होती.

"विचारून टाका ना एकदा," सून म्हणे.

"किटलीपाशी विचारायचं नसतं. आपोआप कळतं."

आणि एका रविवारी आजी घरी आल्या तर सून बेसिनपाशी खाली बसलेली, कपाळावर हे एवढं टेंगूळ. चक्कर येऊन पडली होती. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. ते नेहमी तेच म्हणत. मुलगा आईला चकार शब्दानं बोलला नाही, पण आजींच्या काळजाचं पाणी झालं ते झालंच. आता रविवारी घर सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पण सून ऐकेना, तुम्ही जाच म्हणे. हल्ली ती ताट बाजूला सारायची, पुढच्या डोसाबद्दल विचारलं तर "बघू" म्हणायची, आणि आजींना त्या "बघू"ची धास्ती बसली होती. नुसत्या त्या बाईच्या बातमीवर पोरगी उठून बसते, तर ती तरी कशी बंद करायची?

मग आजींनी डोकं लढवलं. रविवारी नीटनेटक्या तयार झाल्या, पर्स घेतली, दार ओढलं आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या. आतून हाक आली तर ऐकू यावी म्हणून कान दाराला. शेजारीण कचरा टाकायला खाली जाताना थबकली. आजी म्हणाल्या, पायात गोळा आलाय. शेजारीण वर आली तेव्हाही गोळा तिथेच होता. आता वाचन झालं असेल, आता प्रवचन, आता चहा, असा अंदाज घेत त्या उठल्या आणि घरात शिरल्या.

आणि काय रंगवून सांगितलं म्हणता! किटली दुसऱ्याकडे दिली, त्या बाईच्या मागोमाग गेले, चर्चच्या मागे व्हीलचेअरवर एक म्हातारा, बाईनं कप त्याच्या ओठाला लावला. सांगतासांगता आजींनाच ते खरं वाटायला लागलं.

सुनेनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, उपवासकाळ लागलाय. आजपासून ईस्टरपर्यंत हॉलमध्ये चहा बंद."

हा नियम आजींनीच भांडून करून घेतलेला होता. चहा सोडणं हा खरा त्याग, असं सगळ्यांना बजावून. पण घरात दिवस डोसावर मोजायची सवय लागली आणि चर्चचं वर्ष त्यांच्या डोक्यातून पार निघून गेलं.

"जिन्यात तुमचं खोकणंही ऐकू येत होतं," सून म्हणाली. "खोटं सांगायला बाकीचे आहेत की. डॉक्टर आहेत, तुमचा मुलगा आहे. तुम्ही एकट्या खरं सांगायचात." एवढं बोलून तिनं भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, डोसाला येणार नाही. त्यानं समजावलं, रडला, पण ती हलली नाही.

पुढच्या रविवारी आजींनी शेजारणीला सगळं खरं सांगून सुनेपाशी बसवलं आणि चर्च गाठलं. शेवटचं गीत चालू असताना, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या बाक सोडून उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या. करडा स्वेटर बाहेर पडताच त्यांनी सरळ विचारलं.

घरी आल्यावर त्यांनी खुर्ची ओढली. "विचारलं," त्या म्हणाल्या. "दुसरा कपही तीच पिते. बसची वाट बघताना. म्हणाली, तुमचे कप फार लहान असतात."

सून वळली. "एवढंच?"

"एवढंच. आणि चहात साखर जास्त पडते म्हणाली."

सून हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली, खोकला येईपर्यंत हसली. आजींनी पाणी दिलं. पाणी पिऊन तिनं हळूच विचारलं, "आई, मी बरी होईन का?"

सगळे देतात ते उत्तर आजींच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "मला फार भीती वाटते. त्या भीतीनंच जिन्यात बसले होते."

"मलाही वाटते," सून म्हणाली. तिनं आजींचा हात धरला आणि दोघी रडल्या, मनसोक्त. नंतर डोळे पुसत तिनं फोन मागितला.

"डोसासाठी सुट्टी टाक म्हणून सांगते त्याला. पण तुम्हीही बरोबर चला."

"मी कशाला? मला त्यातलं काय कळतंय?"

"डॉक्टर बोलताना तुम्ही जवळ उभ्या राहा," सून म्हणाली. "आणि घरी आल्यावर मला सांगा."