दारापासून पहिली खाट

वॉर्डात डॉक्टर रोज सकाळी मला एकच विचारतात, "आजोबा, तुम्ही कुठे आहात?" डोकं ठिकाणावर आहे का, ते बघायचं असतं म्हणे. मी चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, आणि हा कालचा पोरगा मला ठिकाण विचारतो! पहिल्या दिवशी सांगितलं, "पंख्याच्या खाली, गादीच्या वर, बायकोच्या धाकाबाहेर." तो हसला.

काल माझी खाट खिडकीजवळून हलवून दाराशी आणली. या जागेवरून महिन्याभरात तिघांना नेलं, एकालाही घरी नाही. आज त्यानं पुन्हा विचारलं.

"दारापासून पहिला," मी म्हणालो. "म्हणजे मला नेताना बाकीच्यांची झोप मोडायला नको."

तो हसला नाही. मान खाली घालून त्यानं कागदावर लिहिलं, 'भान शाबूत.'