डोंगराकडे तोंड केलेला अँटेना

कौलांवर तो वाकडा सांगाडा दिसतो ना मित्रांनो, तोच मी. एक जुना अँटेना. तुमच्यातल्या पुष्कळांना मी कपडे वाळत घालायची काठी वाटलो असेन. कावळ्यांना तर मी त्यांची बैठकच वाटतो. त्यांच्याशी माझं कधी पटलं नाही आणि आता पटवून घ्यायचं वयही राहिलं नाही.

महाडच्या एका दुकानात ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून, त्या दांड्यावर ओळीने बसवून मला घडवलं. तिथून रावजीने मला एसटीच्या टपावर बांधून श्रीवर्धनला आणलं. रावजी पोफळीवर चढून सुपारी उतरवायचा. एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन तो थेट दुसऱ्या झाडावर जायचा. असल्या माणसाला घराचं छप्पर म्हणजे काय, पायरीच! त्याने मला लोखंडी पाइपावर चढवलं आणि माझं तोंड डोंगरावरच्या टॉवरकडे केलं. टॉवरवरून येणारं चित्र मी हवेत पकडायचं आणि वायरीतून खाली टीव्हीला द्यायचं. त्याला ना बिल, ना भाडं. आमच्या आळीतला मी पहिला अँटेना, त्यामुळे माझा रुबाब काही विचारू नका.

वारा सुटला की मी जरासा फिरायचो आणि टीव्हीत मुंग्या यायच्या. मग रावजी वर चढायचा आणि त्याची बायको नीराबाई दारात उभी राहायची.

"आलं काय गो?"

"न्हाय. वाईच डोंगराकडं."

"आता?"

"हां, आता हाय."

रावजीने माझ्यावरचा हात काढला की चित्र पुन्हा जायचं. "मंग काय, बातम्या संपेस्तवर हितंच बसू?" तो चिडून विचारायचा. "बसा की," नीराबाई म्हणायची आणि आळी हसायची. दिवसभर ती दोघं फारशी बोलायची नाहीत. बोलायची ती माझ्या निमित्ताने.

पुढे आळीत घरोघरी डिश लागल्या. माझे भाऊबंद एकेक करून भंगारात गेले. रावजीचा मुलगा प्रथमेश रोह्याच्या कारखान्यात होता. तो म्हणायचा, "बाबा, डिश घेऊ." रावजी म्हणायचा, "फुकट येतंय ते बंद करून इकत कशाला घ्यायचं?" मला ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग ते वादळ आलं. एका दुपारी सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळी मुळासकट पडल्या, कौलं उडाली, मी वाकलो. रावजीचं काम गेलं. नवी झाडं सुपारी धरतील तेव्हा धरतील, तोवर चढायला झाडच नव्हतं. महिना उलटून गेला तरी गावात वीज नव्हती.

वीज आली त्या दिवशी नीराबाईने हौसेने टीव्ही लावला. नुसत्या मुंग्या.

"वाऱ्यानं मोडलं वाटतं ह्याला," म्हणत रावजी पक्कड घेऊन वर आला. त्याने माझ्या नळ्या सरळ केल्या, वायर सोलून पुन्हा जोडली. "आलं काय गो?" खालून आवाज आला, "न्हाय." दुसऱ्या दिवशी तो परत चढला. तिसऱ्या दिवशीही.

मित्रांनो, मला कळलं होतं. वीज नव्हती त्या दिवसांतच डोंगरावरचा टॉवर बंद झाला होता. जुन्या पद्धतीने चित्र पाठवायचं आता थांबलं होतं. हवेत माझ्यासाठी काहीच उरलं नव्हतं. डिशवाल्या घरांना त्याचा पत्ताही लागला नाही. आणि मी सांगणार कसा? मला तोंड आहे म्हणतात, पण ते नुसतं वळवण्यापुरतं. रावजी माझ्या नळ्या पुसायचा, मला समजावायचा, "असं काय करतोस बाबा, तिला दुसरं काय हाय?" काम गेलेल्या माणसाला एवढं एक काम उरलं होतं. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

श्रावणात कौलांवर शेवाळ धरलं होतं. नीराबाईने दारातून म्हटलं, "ऱ्हाऊ द्या आता, उतरा." तो म्हणाला, "वाईच डोंगराकडं करतो." आणि त्याचा पाय सरकला. उभा जन्म पोफळीवर काढलेला माणूस स्वतःच्या अंगणात पडला.

खुब्याचं हाड मोडलं. प्रथमेश धावत आला. खाटेशी बसून तो हळूच म्हणाला, "बाबा, तो टॉवर कधीच बंद झालाय. मला फोनवर कळलं होतं. सांगायचं राहून गेलं."

रावजीने वर आढ्याकडे बघितलं. "मंग सांगायचं न्हाय व्हय," एवढंच बोलला.

तो पुन्हा उठला नाही. दिवाळीआधी गेला.

प्रथमेशने आईसाठी भिंतीवर डिश लावून दिली. चित्र लख्ख येतं, कुणाला काही विचारावं लागत नाही. पण महिना भरला की पैसे भरावे लागतात. त्यासाठी नीराबाई बाजारात मासळी घेताना हात आखडता घेते. "वाऱ्याला बी भाडं लागतंय आता," असं शेजारणीला सांगते. प्रथमेशला सारखं मागायला तिला जिवावर येतं.

परवा पैसे संपले आणि पडदा काळा झाला. नीराबाई दारात आली, डिशकडे तिने बघितलंही नाही. वर माझ्याकडे बघत म्हणाली, "अवो, वाईच डोंगराकडं." आणि तशीच थांबून राहिली. माझा बोल्ट गंजलाय, मित्रांनो, नाहीतर मी फिरलो असतो.

मला भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात, गावात काही बंद होणार असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसून सांगा. आणि दोनदा सांगा. पहिल्यांदा ते नुसती मान हलवतील आणि तुमची पाठ वळली की छपरावर चढतील.