जाळं अडकतं ती जागा

अनन्या झोपली की कृष्णवेणी फॉर्म उघडायची. लेकीचं डोकं मांडीवर, लॅपटॉप उशीवर आणि टायपिंग एका हातानं. काम 'सागरमैत्री' नावाच्या परदेशी संस्थेचं होतं. चेन्नईजवळच्या कोवलमच्या मच्छीमारांशी तमिळमध्ये बोलायचं, उत्तरं कागदी फॉर्मवरून इंग्रजीत उतरवायची आणि येत्या शुक्रवारी सगळी एकदम पाठवायची. लंकेच्या हद्दीत आपल्या बोटी पकडल्या जातात, त्या भांडणावर तोडगा काढायचाय, असं संस्थेच्या गिरिधर सरांनी सांगितलं होतं.

एकेचाळिसावा फॉर्म उतरवताना तिचा हात थबकला. बोटी पकडल्या जातात त्या खाली रामेश्वरमकडे. मग विचारपूस इथे चेन्नईजवळ कशाला? आणि घर, मुलं, आजारपण यांवर मिळून चार प्रश्न. जाळं तळाला कुठं अडकतं, तिथं पाणी किती वाव खोल, यावर मात्र अकरा.

तिनं फोन लावला. "सर, पाण्याची खोली कशाला हवी?"

"बाळ कसं आहे?" गिरिधर सरांनी विचारलं. मग म्हणाले, "वरच्यांना माहिती पूर्ण लागते. तुम्ही फार डोकं लावू नका."

वरचे म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी तिचा नवरा श्रीवत्स जेवता जेवता म्हणाला, "लंकेच्या बंदरात एका बड्या देशाचं संशोधनाचं जहाज येऊन बसलंय. तळाचा नकाशा हाती असला की पाणबुडी कुठूनही नेता येते. भांडण मिटलं, तर तुझ्या संस्थेवाल्यांना इथं यायला निमित्त काय उरेल, वेणी?"

"तुम्हांला सगळीकडे हेरच दिसतात."

"आणि तुला?"

ती लेकीला भात भरवत राहिली. तिलाही दिसायला लागले होते.

सकाळी लेकीला कडेवर घेऊन तिनं कोवलमची बस धरली. म्हातारा एळुमलै बोटीच्या सावलीत जाळं विणत बसला होता. पहिल्या दिवशी यानंच तिला घरोघरी नेलं होतं. तिनं मनातलं सगळं सांगून टाकलं.

एळुमलै हसला. "अगं पोरी, जाळं अडकतं तिथंच मासा असतो, ती जागा खरी कोण सांगतं? मेव्हण्याला मी पंधरा वर्षं चुकीची सांगतोय. तो बिचारा अजून तिथंच जातो."

तिचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे सगळ्यांनी मला थापा मारल्या?"

त्याची सुई थांबली. "तुला नाही. तुझं लेकरू माझ्या मांडीवर झोपलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, ही आपली मुलगी, हिला खरं सांगा."

एकेचाळीस घरांचा समुद्र तिच्या पिशवीत होता. पाठवला नाही तर उद्या दुसरं कोणी येईल, आणि पाठवला तर तो कुणाच्या टेबलावर उघडेल, कुणास ठाऊक.

तिनं कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. "अण्णा, मला आता मेव्हणा समजा."

त्यानं तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग सुई ठेवून समुद्राकडे तोंड केलं. "त्याला सांगतो तेच लिही. बोटीतून चर्चचं टोक आणि पाण्याची टाकी एका रेषेत आली, की तिथं. बावीस वाव."

"अठ्ठावीस लिहू?"

"बावीसच. फार खोल सांगितलं, तर बघायला येतील."