खाटेला बांधलेले हात

"साहेब, तुम्ही या माणसाचं तोंड बांधून ठेवलंत!" भर वॉर्डात श्रावस्ती सिस्टर कडाडली.

गाझियाबादच्या त्या हॉस्पिटलात सात नंबरच्या खाटेवर शामराव होते. जन्मापासून मूकबधिर, हाताच्या खुणांनीच बोलणारे. सलाईन उपटतात म्हणून मोठ्या साहेबांनी सकाळीच त्यांचे दोन्ही हात खाटेला बांधायला लावले. दुपारी ड्यूटीवर येताच श्रावस्तीने पट्ट्या सोडल्या, तसं शामरावांनी बोटाने सुई दाखवली. सलाईन शिरेबाहेर जाऊन हात कोपरापर्यंत टम्म सुजला होता.

"ऑर्डर मोडलीत सिस्टर, मेमो मिळेल."

"द्या की! तुमच्याकडे कागदांना काय तोटा? पण हात दुखतोय हे काकांनी सांगायचं होतं कशानं? बोला साहेब, कशानं?"