माझ्या पोटातली काचेची पिल्लं

मी एक जुनी सूटकेस आहे. माझ्या अंगाला माशांचा वास येतो. पण मित्रांनो, नाक मुरडू नका, त्या वासाचीच ही गोष्ट आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझे खटके आरशासारखे चमकत होते. एका मावशींनी मला घेतलं. भाच्यांच्या लग्नांना त्या मलाच न्यायच्या, आणि पाहुणे माझ्या ऐसपैस पोटाचं कौतुक करायचे. पुढे चाकांच्या बॅगा आल्या. मी माळ्यावर गेले आणि माळ्यावरून भंगारात.

तिथून एका माणसानं मला उचललं. माझं अस्तर फाडून त्यानं आत पाण्याच्या फुगीर पिशव्या रचल्या, वर स्वेटर पसरले. विमानतळावर तपासणीची एक कुत्री होती. सगळ्यांच्या सामानात नाक खुपसते, म्हणून तिला काकू म्हणत. काकू माझ्यापाशी आली आणि शांतपणे बसली. बसणं हीच तिची खूण. माणूस जागीच पकडला गेला.

अधिकाऱ्यानं मला उघडलं. पिशव्या कोमट झाल्या होत्या. त्यानं घाईनं नळाखाली बादली धरली, तेवढ्यात मत्स्यतज्ज्ञ बाई आल्या.

"थांबा, दादा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं मरतील ती. पिशव्या आधी माझ्या टाकीत तरंगू द्या, हळूहळू गार होऊ द्या."

"पण बाई, मासे आहेत कुठे? मला तर नुसते डोळेच दिसतायत."

खरंच होतं ते. ती वाम माशाची पिल्लं होती, काचेसारखी पारदर्शक. काडीएवढ्या अंगात इवलंसं हृदय धडधडताना दिसत होतं. बाईंनी सांगितलं, ही दूर समुद्रात जन्मतात, प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि नदीचं मुख शोधून काढतात. त्यांच्या आईला त्या दूरच्या समुद्रात अंडी घालताना आजवर कुणी पाहिलेलं नाही. आता ती फार थोडी उरली आहेत, तरी मोठी करून खाण्यासाठी चोरून विकली जातात. खोलीतले सगळे टाकीवर वाकले होते.

काही पिल्लं तळाशी निपचित पडली. बाकीची जगतील का, हे बाईंनाही सांगता येईना. त्या टाकी घेऊन नदीवर गेल्या आणि गुडघ्यापर्यंत भिजून परतल्या. अधिकाऱ्याला विचारायचा धीर होईना. तो काकूचा कान खाजवत राहिला.

"पोहली," बाईच म्हणाल्या. "सोडल्याबरोबर प्रवाहाच्या उलट निघाली."

त्यानं काकूच्या कपाळाला कपाळ टेकवलं.

हल्ली तपासणीचे नवे कुत्रे माझा वास घेऊन शिकतात. मित्रांनो, नद्या वाहत्या ठेवा, आणि असा जीव कुणी दडवून नेताना दिसला तर गप्प बसू नका. मी पुष्कळ फिरले, पण दर वेळी कुणीतरी उचललं म्हणून. ती पिल्लं अख्खा समुद्र ओलांडून येतात. त्यांना कुठं न्यायला कुणाची बॅग लागत नाही.