भावोजींसाठी कुत्रा

माझे धाकटे दीर कुत्रा घ्यायचा म्हणून सल्ला मागायला आले, तेव्हा मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि मनातल्या मनात पदर खोचला.

जाऊबाई गेल्यापासून ते एकटेच होते. मुलगी दूर. तिनेच सांगितलं होतं, कुत्रा पाळा. आणि आमच्या घरात कुत्र्यांतलं कळणारी मी एकटी. माझे वडील शिकारी कुत्री पाळायचे. मी रांगायला शिकले ती त्यांच्यातच.

लग्नानंतर मी सासरी एक कुत्री आणली होती, भिंगरी. लांब पायांची, ठिपक्याठिपक्यांची. माझी चाहूल लागली की दारात गोल गोल फिरायची. पुढे आमचे हे आजारी पडले. मी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून, आणि इकडे भावोजींनी तिला एका ट्रकवाल्याला देऊन टाकलं. बूट कुरतडला म्हणून. घरी आले तर खुंटीला नुसती साखळी.

"कुत्रीच ती, वहिनी. माणूस गेल्यासारखं काय करता?" म्हणाले, आणि जाऊबाईंकडे बघून चुटकी वाजवली. म्हणजे पाणी आणा.

पुढे हे गेले, मुलं मोठी झाली, नातवंडांना मिशा फुटल्या. ती चुटकी काही माझ्या कानातून गेली नाही.

कुत्री विकणाऱ्या बाईकडे आम्ही दोघं गेलो. तिच्याकडे दोन जातींची पिल्लं होती, बीगल आणि बसेंजी. दोन्ही शिकारी, अंगात वारं भरलेली, आपल्याच मर्जीची. फरक मला ठाऊक होता. बीगल वासामागे लागला की हाका मारून आपला घसा बसतो. पण शेवटी येऊन मांडीवर डोकं ठेवतो. त्याचा जीव कुणावरही जडतो. बसेंजी आपली माणसं स्वतः निवडतो. हुकूम सोडणाऱ्याला तो दारातही उभा करत नाही.

बीगलचं पिल्लू दुडुदुडु आलं आणि भावोजींच्या बुटावरच बसलं. त्यांचा चेहरा असा काही पाघळला, जाऊबाईंनी जन्मात पाहिला नसेल. मला बघवेना.

"गोड आहे हो," मी म्हटलं. "फक्त एकटं राहिलं की गळा काढतं. शेजारी भांडायला येतील."

"आणि ते दुसरं?"

"ते भुंकत नाही. अंगाला वास नाही. मांजरासारखं स्वतःला चाटूनपुसून ठेवतं."

यातला एक शब्द खोटा नव्हता.

"पण काका, ते कुणाचं ऐकत नाही हं," बाई म्हणाली.

"अख्खा कारखाना माझ्यापुढे चळाचळा कापायचा," भावोजी हसले. "हे वीतभर पिल्लू काय करणार?"

पिल्लू तोंड फिरवून पंजा चाटत होतं.

"कुंपणाची भिंत मात्र उंच करून घ्या," मी बजावलं. पिल्लाशी माझं काही वैर नव्हतं.

थंडी सरता सरता भावोजी पुन्हा आले. निम्मे झाले होते. त्यांच्या घरी पडदे फाटलेले, गादीचा कापूस घरभर. सकाळ-संध्याकाळ पळवलं नाही तर कुत्रा घर डोक्यावर घेत होता.

"पाहुण्यांसमोर चुटकी वाजवली, वहिनी. जागचा हलला नाही. वर जांभई दिली! आणि पाहुण्याने नुसतं यू यू केलं, तर शेपूट हलवत गेला."

"खातो ना नीट?"

"माझ्याहून नीट! पण माझ्याकडे बघत नाही हो. मी आलो की उठून दुसऱ्या खोलीत जातो." ते खुर्चीत पुढे सरकले. "परत देऊन बीगल आणू का? ती बाई तयार आहे."

मी हो म्हटलं असतं, तर म्हातारपणी त्यांच्या मांडीवर कुणीतरी डोकं ठेवलं असतं.

"माझ्या भिंगरीला दिलंत, तसं?"

"कोण भिंगरी?"

नाटक नव्हतं ते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. माझं मन जरा द्रवू लागलं होतं, ते तिथेच घट्ट झालं.

"कुणी नाही," मी म्हटलं. "पण परत कसलं करता? साहेबांना एक पिल्लू सांभाळता आलं नाही, म्हणतील लोक."

भावोजी ताठ झाले. "छे, छे! परत वगैरे नाही."

"मग झालं तर. खाणं, फिरणं, डॉक्टर, सगळं वेळच्या वेळी करा. मी रविवारी बघायला येत जाईन. नीट जपलं तर चौदा-पंधरा वर्षं सहज काढतो हा."

भावोजी मनाशी स्वतःचं वय मोजू लागले. मी मोजू दिलं.