दोनदा आलेली तिथी

दौलतराव गेले त्यानंतरचं पहिलं वर्ष योगिनीताईंना फार लांब वाटलं. लोक म्हणायचे, दुःखाचं वर्ष असंच सरकत नाही. खरं कारण त्या कोणाला सांगू शकल्या नसत्या. वर्तकनगरच्या त्या घरात त्यांनी पहिल्यांदाच खिडकी उघडी ठेवून झोपून पाहिलं. पहिल्यांदाच आमटीत मनासारखा गूळ घातला. स्कूटर शिकल्या, माजिवड्याच्या पुलाखाली दोनदा पडल्या, आणि गुडघा फुटून घरी आल्यावर कोणाला काही सांगावं लागलं नाही. लहानपणी मे महिन्याची सुट्टी जशी संपता संपायची नाही, तसं ते वर्ष होतं.

मग वर्षं आखडायला लागली.

त्या कॉलेजात फिजिक्स शिकवायच्या. वेळेचं हे कोडं मुलं विचारायची, आणि उत्तर त्यांना ठाऊक होतं. नवा दिवस मेंदू उकलून ठेवतो, एकसारखे दिवस घडीवर घडी घालून टाकतो. मागे वळून पाहिलं की घडीची जाडी तेवढी दिसते. यात भिण्यासारखं काही नाही, असं त्या सांगायच्या. पण घडी झालेल्या वर्षाच्या टोकाला दर वेळी ज्येष्ठातली तीच तिथी उभी असायची. श्राद्धाची मोठी पातेली घासून माळ्यावर टाकावीत आणि हात कोरडे व्हायच्या आत ती पुन्हा खाली काढावीत, असं व्हायला लागलं. गेलेला माणूस आधी वर्षातून एकदा यायचा. आता कोपऱ्यावर जाऊन आल्यासारखा यायचा. असंच चाललं तर एक दिवस तो परत जाणारच नाही, हे गणित त्यांच्या डोक्यात आपोआप सुटलं.

दौलतरावांनी कधी हात उगारला नव्हता. ते ताट सरकवायचे. काही न बोलता, दोन बोटांनी. मग योगिनीताईंनी पुन्हा कणीक मळायची. तिथीच्या दिवशीही पानात सगळं त्यांच्या आवडीचं वाढायचं, आणि कावळा शिवेपर्यंत त्या गच्चीच्या दारात ओल्या हातांनी उभ्या राहायच्या, जेवणाच्या टेबलाशी राहायच्या तशाच.

म्हणून त्यांनी वर्ष ताणायचं ठरवलं. या वयात पोहायला शिकल्या. दर शनिवारी कधी न पाहिलेल्या रस्त्याने चालायच्या. डोंबिवलीत चुकायच्या, कल्याणच्या घाऊक बाजारात मुद्दाम हरवायच्या. थोडा फरक पडला. यंदा तर पंचांगानेच हात दिला. अधिक ज्येष्ठ आला, तिथी महिनाभर पुढे गेली. एक अख्खा महिना त्यांच्या एकटीचा.

मग कल्याणहून धाकट्या दिरांचा, मारुतीभाऊजींचा, फोन आला.

"वहिनी, गुरुजींना विचारलं. आपल्याकडे दोन्ही करतात. अधिकातलं पण आणि निज म्हणजे खऱ्या ज्येष्ठातलं पण."

"भाऊजी, माणूस एका वर्षात दोनदा जातो का?"

"तुमचं सायन्स कॉलेजात ठेवा हो. दादाला जेवायला घालायचं, त्यात कसला हिशोब?"

लेकीला, संचिताला, सांगितलं तर ती हसली. "अगं आई, अर्ध्या दिवसाचं तर काम! एक सहामाही, एक वार्षिक, असं समज."

अधिकातलं त्यांनी केलं. पातेली माळ्यावर गेलीच नाहीत, ओट्यावर उपडी राहिली. मधले दिवस कुठे गेले ते त्यांना खरोखर आठवेना. निजातल्या तिथीच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन लावला.

"भाऊजी, उद्या येऊ नका. मी काही करणार नाहीये. यापुढेही नाही."

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"बरं. मी इथे पान वाढतो," मारुतीभाऊजी म्हणाले. "पण दादा कल्याणला नाही यायचा, वहिनी. तो तुमच्याच दारात येणार."

तिथीच्या सकाळी योगिनीताईंनी गॅस पेटवला नाही. आंघोळ करून पुस्तक घेऊन बसल्या. पान उलटलं, घड्याळाकडे पाहिलं. काटा जागचा हललेला नव्हता. बंद पडलं असेल म्हणून मोबाइल पाहिला. तोही तेच सांगत होता. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, आणि बादलीत पडणाऱ्या पाण्याचा थेंब न् थेंब वेगळा ऐकू येत होता. शेजारच्या कुकरची एक शिटी झाली. दुसरी कधी होणारच नाही असं वाटलं. वेळ लांबला होता. इतकी वर्षं त्यांना हवा होता तसा, पूर्ण उकललेला.

आणि तो ओळखीचा होता. पहिल्या वर्षातला नव्हे, त्याच्याही आधीचा. दिवेलागणीनंतर, कणीक झाकून ठेवून, लिफ्टची जाळी कधी वाजते याकडे कान लावून त्या बसायच्या, तो हा वेळ. अख्खा संसार त्यांनी असा सावकाश काढला होता. भीतीत दिवसाची घडी होत नाही, हे वर्गात सांगायचं राहूनच गेलं होतं.

लिफ्ट वर यायला लागली. त्यांच्या मजल्यावर थांबली. जाळी सरकली.

बेल वाजली नाही. दौलतराव ती कधीच वाजवत नसत. दार आधीच उघडलेलं असावं लागे. योगिनीताई उठल्या. पाय आपसूक स्वयंपाकघराकडे वळले, कणकेच्या डब्याचं झाकण निघालंसुद्धा. त्यांनी ते परत घट्ट लावलं आणि बाहेरच्या खोलीत आल्या.

"आज काही केलेलं नाही," बंद दाराकडे बघून त्या म्हणाल्या. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेल असा निघाला. "अहो, ऐकलंत ना? बाहेर जेवून या."

जाळी परत ओढल्याचा आवाज आला नाही. शेजारच्या कुकरची दुसरी शिटी झाली.

घड्याळात जेमतेम साडेबारा वाजले होते. त्या खुर्ची ओढून दाराकडे तोंड करून बसल्या. अख्खी दुपार पुढे पडली होती.